रिसेटवाल्यांनो, हात मागे घ्या

ब्रेकर पडला की कारण न पाहता तो पुन्हा वर ढकलणारा माणूस मला सहन होत नाही. घरात, वर्कशॉपमध्ये, नाहीतर रविवारी मॉडेल रेल्वेच्या टेबलाभोवती जमलेल्या हौशी मंडळींत, कुठेही तो भेटला की माझं डोकं फिरतं. गाडी थांबते, रुळांना वीज देणाऱ्या बूस्टरवरचा लाल दिवा लागतो, आणि याचा हात आधीच बटणावर गेलेला असतो. ‘होतं असं कधीकधी,’ म्हणतो. पुन्हा बंद पडतं, पुन्हा दाबतो. शेवटी गाडी चालली की भोवतालच्यांकडे असा बघतो, जणू दुरुस्ती केली. काय सापडलं त्याला? काहीही नाही. दोष होता तिथेच आहे आणि दर दाबण्याबरोबर थोडा जास्त जळला आहे.

मी जांभूळला राहते. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत कंट्रोल पॅनलच्या वायरिंगवर माझं पोट चालतं, आणि घरातल्या मागच्या खोलीत माझी छोटी रेल्वे चालते. दोन्हीकडे तांबं तेच, ओहमचा नियमही तोच. तरीही नोकरीत जे कोणी खपवून घेणार नाही ते छंदात ‘चालतंय की’ म्हणून सर्रास खपतं. या ‘चालतंय की’विरुद्ध मला बोलायचं आहे, आणि गोड बोलायची माझी तयारी नाही.

ज्यांचा या छंदाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. मॉडेल रेल्वेतलं एचओ म्हणजे खऱ्याच्या 87व्या हिश्श्याचं माप, दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. (आपल्या ब्रॉडगेजचे 1676 मिलिमीटर 87ने भागले तर उत्तर 19च्या वर येतं, म्हणजे भारतीय गाड्या या रुळांवर आणताना गेज खोटंच धरावं लागतं. तो वेगळा वाद आहे.) जुन्या पद्धतीत रुळांत जितके व्होल्ट सोडाल तितका गाडीचा वेग, शून्य केलं की गाडी उभी. 1980च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने डिजिटल पद्धत विकसित केली आणि पुढे 1990च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तिच्यावरून प्रमाणकं ठरवली. तीच आजची डीसीसी. यात गाडी उभी असो की पळत असो, रुळांवर साधारण 14-15 व्होल्ट सतत असतात. त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि त्या उलटण्याच्या वेळांतच हुकूम भरलेला असतो. अर्धा ठोका 58 मायक्रोसेकंदांचा असला तर ‘एक’, 100 किंवा त्याहून लांब असला तर ‘शून्य’. इंजिनाच्या पोटातला डिकोडर हे वाचतो, आपला पत्ता ओळखतो आणि मोटर फिरवतो. एकाच रुळावर चार इंजिनं चार वेगांनी, हवी त्या दिशेने. मला आजही या व्यवस्थेचं अप्रूप आहे.

पण म्हणूनच तिच्याशी बेपर्वाईने वागणाऱ्यांचा राग येतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून जेमतेम एक अँपिअर यायचा. शॉर्ट झाला तर गाडी थांबायची, ट्रान्सफॉर्मर थोडा गुणगुणायचा, एवढंच. डिजिटल बूस्टर सहज पाच अँपिअर देतो. 15 व्होल्ट गुणिले पाच अँपिअर म्हणजे 75 वॅट. मी ज्या सोल्डरिंग आयर्नने दिवसभर तारा जोडते तो 25 वॅटचा आहे आणि शिसं त्याने पाण्यासारखं वितळतं. तशा तीन आयर्नची उष्णता रुळाच्या आणि चाकाच्या एका ठिपक्यावर, आणि चाकाला लागून प्लॅस्टिकची बोगी. ‘15 व्होल्टचा काय झटका बसणार?’ असं मला शहाणपणाने विचारणारे पुष्कळ आहेत. झटका नाही बसणार. आग झटक्याने लागत नसते, उष्णतेने लागते.

रिसेटवाल्याहून घातक जमात आहे ती बूस्टर मोठा करणाऱ्यांची. ‘पाचचा पडतोय? मग आठचा घ्या, दहाचा घ्या, मर्यादा वाढवा.’ हा सल्ला मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे, तोही नवख्यांना, अनुभवी म्हणवणाऱ्यांकडून, छातीठोकपणे. ताप आला म्हणून थर्मामीटरवरचे आकडे खोडण्यातलाच हा प्रकार. बूस्टर पडतो कारण कुठेतरी वीज भलत्या वाटेने जाते आहे. मर्यादा वाढवली की त्या भलत्या वाटेने आणखी वीज जाते. यापलीकडे त्या सल्ल्यात काही नाही.

आता याची दुसरी बाजू, जी फार थोड्यांना कळते. ट्रिप होत नाही म्हणजे शॉर्ट नाही, असं समजून बसलेले लोक माझ्या मते सगळ्यात मोठ्या धोक्यात आहेत. टेबलाखालून मुख्य जोडतार काय वापरतात? घंटीची, नाहीतर जुन्या चार्जरची कापलेली. साधा हिशेब करा. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 11.5 मिलिओहम. दहा मीटर जाऊन परत यायचं म्हणजे वीस मीटर, एकूण पाव ओहमसुद्धा नाही. शॉर्ट झाला तर वीज धो धो वाहते आणि बूस्टर क्षणात पडतो, पडायलाच हवा. तेच 0.2 चौरस मिलिमीटरच्या केसासारख्या तारेने करा, रोध पावणेदोन ओहमच्या आसपास जातो. त्यात रुळांच्या जोडपट्ट्या सैल, काळवंडलेल्या. सगळं मिळून चार ओहम झालं की 15 भागिले 4, म्हणजे पावणेचार अँपिअर. पाच अँपिअरचा बूस्टर हे बघतो आणि समजतो, बऱ्याच गाड्या चालल्यात. तो पडत नाही. 56 वॅट त्या तारेत आणि त्यातल्या सगळ्यात वाईट जोडावर जिरत राहतात, आणि मालक चहा प्यायला आत गेलेला असतो.

याची परीक्षा फुकट आहे. रुपयाचं नाणं घ्या आणि लेआउटच्या प्रत्येक कोपऱ्यात, बूस्टरपासून सगळ्यात दूरच्या साइडिंगवरसुद्धा, दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. ठेवल्या क्षणी बूस्टर पडला पाहिजे. अमेरिकेतले छंदी हेच त्यांचं पाव डॉलरचं नाणं ठेवून करतात. जिथे नाणं ठेवूनही दिवा हिरवाच राहतो, तिथे तुमची तार बारीक आहे, मुख्य तारेतून रुळांना वीज देणारे फीडर कमी आहेत किंवा जोड मेलेला आहे. ती जागा दुरुस्त होईपर्यंत तिथे गाडी चालवू नये. या परीक्षेला मिनिटं लागतात आणि ती न करता लोक वर्षानुवर्षं गाड्या चालवतात. याला मी आळस म्हणत नाही, बेजबाबदारी म्हणते.

बदलापूर पूर्वेला गच्चीखालच्या एका खोलीतला लेआउट मी एप्रिलमध्ये पाहिला. मालक बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने अतिशय व्यवस्थित. त्यांचा शॉर्ट दुपारी यायचा आणि रात्री जायचा. तोपर्यंत त्यांना मिळालेले सल्ले ऐकून माझं रक्त तापलं. कुणी सांगितलं बूस्टर खराब, त्यांनी नवा घेतला. कुणी सांगितलं डिकोडर गेलाय, त्यांनी चांगली चालणारी इंजिनं उघडून दुरुस्तीला धाडली. कुणी सांगितलं आपल्याकडच्या विजेचा दाबच वरखाली होतो, त्यांनी स्टॅबिलायझर बसवला. यातला एकही सल्लागार दुपारी तीन वाजता त्या खोलीत येऊन उभा राहिला नव्हता.

मी दुपारी तीनला गेले. काका म्हणाले, ‘ताई, संध्याकाळी या, ऊन उतरल्यावर.’ मी म्हटलं, काका, दोष दुपारी येतो तर मीही दुपारीच येणार. आधी बूस्टर सोडवला. मग रुळांवरून झाडून सगळं उतरवलं, इंजिनं तर उतरवलीच, दिवे असलेले डबेही. कारण डिकोडर आणि एलईडी रुळांवर असताना मल्टिमीटर काहीबाही दाखवतो आणि माणूस भलतीकडे भरकटतो. मीटर कंटिन्युइटीवर ठेवला, बीप वाजत होता. आता एकेक फीडर सोडवत अर्धा लेआउट वेगळा केला. बीप गेला नाही, म्हणजे दोष उरलेल्या अर्ध्यात. त्याचा पुन्हा अर्धा. अशा रीतीने सोळा तुकड्यांत लपलेला दोष चार फेऱ्यांत हाती येतो; यात हुशारी लागत नाही, क्रम लागतो. शेवटी परतीच्या लूपच्या, म्हणजे गाडीला वळवून परत आणणाऱ्या वळणाच्या, तोंडाशी आलो. तिथे दोन रूळ वेगळे ठेवण्यासाठी कटिंग डिस्कने पाडलेली फट होती, अर्ध्या मिलिमीटरची. वहीच्या पानाचा तुकडा घालून पाहिला. जाईना. रूळ हाताला गरम लागत होता. फट मिटली होती.

निकेल सिल्व्हरचा रूळ एका अंशाला मीटरमागे सुमारे 17 मायक्रोमीटर वाढतो. तीन मीटर सलग रूळ आणि पंधरा अंशांचा फरक धरला तर पाऊण मिलिमीटर. फट अर्ध्याची. गच्चीखालच्या खोलीत एप्रिलमध्ये पंधरा अंश म्हणजे काहीच नाही. शिवाय पावसाळ्यात फुगलेलं प्लायवूड उन्हाळ्यात आकसतं, तेही फट मिटवायलाच मदत करतं. मी फट पुन्हा कापली, त्यात मिलिमीटरभर जाडीचा प्लॅस्टिकचा तुकडा फेविक्विकने बसवला आणि कानसीने रुळाच्या आकाराला घासला. खर्च जवळजवळ शून्य. नव्या बूस्टरचा, स्टॅबिलायझरचा आणि दुरुस्तीच्या टपालाचा खर्च मात्र काकांनी सोसला होता. त्या सल्लागारांपैकी कुणीही नंतर फोन करून ‘चुकलं’ म्हणाला नाही.

आपण ज्या रेल्वेची प्रतिकृती करतो ती स्वतः कशी वागते, ते तरी पाहा. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. मुंबईतलं मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं 25,000 व्होल्ट एसीवरचं रूपांतर 2015 मध्ये पुरं झालं. या तारांवर फांदी पडते, पक्षी चिकटतो, पतंगाचा ओला मांजा अडकतो आणि फीडर ट्रिप होतो. तेव्हा नियंत्रण कक्षातला माणूस बटण बडवत बसतो का? एकदा पुरवठा देऊन पाहिला जातो. पुन्हा पडला तर दोष कायमचा आहे असं धरून मधले इंटरप्टर (स्विच) उघडायचे, एकेक सेक्शन वेगळा करायचा, दोष ज्या तुकड्यात आहे तो बाजूला ठेवून बाकीच्यांना वीज द्यायची. हे शक्य होतं कारण लाइन उभारतानाच ती तुकड्यांत बांधलेली असते. मोठ्या रेल्वेत ज्याला सेक्शन म्हणतात, ते आपल्या टेबलावर करायला दोन रूळ कापावे लागतात आणि चार तारा जास्त ओढाव्या लागतात. तेवढ्याचाही कंटाळा.

आणखी एक सांगते. खऱ्या रेल्वेत शॉर्टवरच सुरक्षा उभी आहे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने 1872 मध्ये शोधलेलं ट्रॅक सर्किट आजही चालतं. दोन रुळांत हलका प्रवाह असतो, गाडीच्या आसामुळे ते दोन रूळ जोडले जातात, रिले सुटतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. तार तुटली, वीज गेली, तरी सिग्नल लालच. दोन ट्रॅक सर्किटांच्या मध्ये वीज अडवणारा ग्लूड जॉइंट असतो; त्यावर लोखंडाचा कीस साचला किंवा रुळाचं डोकं चेपून पलीकडे टेकलं की सिग्नल बिघडतो, गाड्या खोळंबतात, आणि सिग्नलचा माणूस भर पावसात चालत जाऊन तो जॉइंट पाहतो. बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात लोकल उशिरा आली की शिव्या घालणाऱ्या माझ्या छंदी मित्रांना घरातल्या पंख्याखाली टेबलाखाली वाकायला जड जातं, याला काय म्हणायचं?

पॉइंट, म्हणजे गाडीची वाट बदलणारा सांधा, हा शॉर्टचा हक्काचा अड्डा. क्रॉसिंगच्या टोकाशी दोन्ही बाजूंचे रूळ केसभर अंतरावर येतात. जाड चाक दोघांवर एकदम टेकलं की ठिणगी. त्या टोकावर नेलपॉलिशचा एक पातळ हात दिला तरी पुष्कळदा काम भागतं. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास हवं. ते कमी भरलं तर चाकाची पाठ उघड्या टंग रेलला, म्हणजे पॉइंटच्या हलत्या रुळाला, घासून जाते. हा शॉर्ट गाडी हलतानाच येतो, उभ्या रुळांवर मीटरला कधीच सापडत नाही. त्यासाठी खोलीत अंधार करायचा, गाडी अगदी हळू सोडायची आणि डोळे रुळाच्या उंचीवर आणून बघत राहायचं. ठिणगी स्वतः जागा दाखवते. इतकं करायला सांगितलं की लोक म्हणतात, वेळ नाही. लाइक मिळवायला गाडीचे व्हिडिओ काढायला वेळ असतो.

परतीच्या लूपचं दुखणं वेगळं. गाडी वळून स्वतःच्याच वाटेवर परत येते तेव्हा डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो. म्हणून लूपच्या दोन्ही तोंडांशी, दोन्ही रुळांत फटी हव्यात आणि मधला तुकडा सगळ्यात लांब गाडीहून लांब हवा. त्या तुकड्याला ऑटो-रिव्हर्सर लावला की तो शॉर्ट ओळखून काही मिलिसेकंदांत दिशा पालटतो. उपयोगी वस्तू आहे, माझ्याकडेही आहे. माझं भांडण आहे ते सापडत नसलेल्या प्रत्येक शॉर्टवर ती चिकटवणाऱ्यांशी. तारा उलट्या जोडल्या? लाव रिव्हर्सर. पॉइंटचा स्विच उशिरा फिरतो? लाव रिव्हर्सर. मग तो बिचारा खऱ्या शॉर्टपुढे टकटक करत दिशा पालटत बसतो आणि दोष मात्र त्याच्या आडोशाने सुखरूप राहतो.

दुसरं टोकही आहे. प्रत्येक ट्रिप म्हणजे शॉर्ट नसतो. आवाजाच्या डिकोडरांत कपॅसिटर असतात. अशी पाच-सहा इंजिनं एका तुकड्यावर उभी करून वीज दिली की पहिल्या क्षणी ती इतकी ओढतात की बूस्टरला शॉर्ट झाल्यासारखं वाटतं. मी लोकांना या भासापायी चांगले रूळ उखडताना पाहिलंय. इंजिनं उतरवा आणि पुन्हा वीज द्या. चाललं, तर दोष रुळांत नाही, तुमच्या आखणीत आहे. तुकडे वाढवा.

आणि स्वयंपाकघरातली तारेची घासणी. रूळ चकचकीत करायला ती घेऊन बसणाऱ्यांच्या हातातून मी ती हिसकावून घेतली आहे आणि पुढेही घेईन. तिचे तुटलेले केसासारखे तंतू पॉइंटच्या फटीत पडतात. लोखंडी किसाची असली तर मोटरचं चुंबक ते तंतू आत खेचतं. खडीचंही तेच. आपल्या भागातल्या काळ्या बेसाल्टची बारीक भुकटी रुळांखाली घालायला छान दिसते, पण तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. वरून चुंबक फिरवून ते काढून टाकल्याशिवाय ती लेआउटवर घालू नये. फिरवून पाहा, चुंबकाला काळी दाढी फुटते.

उल्हासनगरबद्दल मला इथे मुद्दाम लिहायचं आहे, कारण ‘चालतंय की’च्या समर्थनाला लोक नेहमी उल्हासनगरचं नाव पुढे करतात. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी कोनशिला बसवलेलं हे निर्वासितांचं शहर. लष्कराच्या रिकाम्या छावणीत, हातात काही नसताना लोकांनी वर्कशॉपं उभी केली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांतले कारागीर मी जवळून पाहिले आहेत. तिथला चांगला मिस्तरी वस्तू हातात आली की आधी उघडतो, वास घेतो, जळलेली जागा शोधतो आणि मगच बोलतो. त्याला जुगाडाच्या नावाखाली रिसेटवाल्यांच्या पंगतीत बसवणं हा त्याचा अपमान आहे. माझ्या लेआउटवरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा भाग तिथल्याच गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलेला आहे, 12 व्होल्ट 21 वॅटचा इंडिकेटरचा दिवा. प्रत्येक तुकड्याच्या एका तारेत असा एक दिवा मालिकेत जोडायचा. एरवी तो विझलेला असतो. त्या तुकड्यात शॉर्ट झाला की दिवा भकभकीत पेटतो, प्रवाह दोन अँपिअरच्या आसपास अडवून धरतो, उष्णता स्वतःच्या काचेत घेतो आणि बाकीच्या लेआउटवर गाड्या चालू राहतात. कुठला दिवा पेटला ते पाहायचं, कुठला तुकडा ते कळलं. शोध इथून सुरू.

हे सगळं एका छंदापुरतं असतं तर मी इतकी चिडले नसते. पण टेबलाखाली जो हात मर्यादा वाढवतो, तोच हात घरातल्या बोर्डावरही जातो. पूर्वी फ्यूज उडाला की त्यात जाड तार पिळायचे. आता एमसीबी पडते म्हणून 10ची काढून 32ची बसवतात. सी प्रकारच्या 32 अँपिअरच्या एमसीबीला तत्काळ पडायला पाच ते दहा पट प्रवाह लागतो, म्हणजे 160 ते 320 अँपिअर. भिंतीतली तार 1.5 चौरस मिलिमीटरची, ती याच्या कितीतरी आधी भाजून निघते. मग आग लागते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य येतं, ‘आग शॉर्ट सर्किटमुळे लागल्याचा प्राथमिक अंदाज’. जणू शॉर्ट सर्किट आभाळातून पडतं! ती तार कुणी निवडली, ती एमसीबी कुणी बदलली, आधी किती वेळा पडली होती आणि किती वेळा कुणी ढकलून वर केली, हे त्या बातमीत कधी वाचलंय तुम्ही? आमच्या जांभूळला एमआयडीसीचं मोठं जलशुद्धीकरण केंद्र आहे, बारवी धरणाचं पाणी इथे शुद्ध होऊन पुढे शहरांना जातं. अशा कुठल्याही पंपघरात मोटर ट्रिप झाली की ऑपरेटर आधी कुठल्या रिलेने ती पाडली ते बघतो, नोंद करतो, आणि मगच रिसेट करतो. कारण तिथे मोटर जळाली तर जाब विचारणारं कुणीतरी असतं. घरात जाब विचारणारं कुणी नसतं.

पैशांचंही बोलते. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. डिकोडर, बूस्टर, इंजिनं, जवळजवळ सगळंच आपल्याकडे बाहेरून येतं. एक आवाजाचा डिकोडर जळणं म्हणजे इथल्या पगारात काय असतं, ते मला माहीत आहे. म्हणून ‘दाबून बघ’ हा सल्ला देणारा माणूस माझ्या दृष्टीने दुसऱ्याचे पैसे जाळणारा माणूस आहे.

पुण्यात कोथरूडला जोशी मंडळींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशींनी हयातभर जमवलेलं आणि 1 एप्रिल 1998 पासून लोकांसाठी खुलं असलेलं. तिकीट काढून आलेल्या माणसांसमोर, मुलांसमोर, वर्षानुवर्षं गाड्या चालवून दाखवायच्या म्हणजे तारांची शिस्त किती लागते, याचा विचार तिथून बाहेर पडताना किती जण करतात? सगळे डोंगर, सर्कस, फ्लायओव्हर यांचे फोटो घेऊन येतात आणि घरी येऊन एकाच रंगाच्या तारांचा गुंता टेबलाखाली कोंबतात. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला काळी, प्रत्येक फीडरवर चिठ्ठी, आणि टेबलाखाली चिकटवलेला एक नकाशा. यातलं काय महाग आहे? काय अवघड आहे?

मला दुकानांत अजून ऐकावं लागतं, ‘मॅडम, मिस्टरांना पाठवा, ते टेक्निकल आहे.’ ज्या माणसाला बूस्टरच्या ट्रिपची मर्यादा आणि तारेची जाडी यांचा संबंध सांगता येत नाही, तो मला हे सांगतो. त्याच्याकडून घेतलेल्या सेटच्या डब्यात चकचकीत चित्रं असतात आणि आत दोन तारा, ‘जोडा आणि चालवा’. जोडा आणि चालवा हे गोल रुळापुरतं खरं आहे. पहिला पॉइंट किंवा पहिला लूप टाकला की ते खोटं ठरतं, आणि हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

तेव्हा विकणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. लूप आणि पॉइंटचे रूळ विकताना फटी कुठे पाडायच्या याची मराठीतली आकृती सोबत द्यावी, आणि बारीक तारेचा मोठा लेआउट बांधणाऱ्याला मोठा बूस्टर विकायला नकार द्यावा. शाळांच्या आणि मंडळांच्या प्रदर्शनांत लेआउट मांडणाऱ्यांनी उद्घाटनाआधी प्रत्येक तुकड्यावर नाण्याची परीक्षा घ्यावी, तीही प्रमुख पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. आणि ज्या लेआउटवर नाणं ठेवूनही ना बूस्टर पडतो ना तुकड्याचा दिवा पेटतो, तो कितीही सुंदर असला तरी त्याचा प्लग काढून ठेवावा. पुढच्या वेळी मला कुणी प्रदर्शनाला बोलावलं, तर मी आधी टेबलाखाली जाणार आहे. डोंगर नंतर बघेन.